हातच्या काकणाला भिंग

माझ्या आत्याला आमच्या घरात चाळीस वर्षं चोर ठरवून ठेवलं होतं. मोठ्या काकांनी एकदाच तिला तोंडावर चोर म्हटलं, आणि तेही अशा आवाजात, की रस्त्यावरची माणसं थांबून वर खिडकीकडे बघायला लागली. त्यानंतर मात्र सगळं पाठीमागे. ती आली की "ये, बस, चहा घेतेस ना?" आणि ती हात धुवायला आत गेली की भुवया वर. सगळ्यांचं लक्ष तिच्या मनगटाकडे. तिथे ते सोन्याचं घड्याळ असायचं. आत्याही अशी खमकी, की आमचा जिना चढतानाच बाही मुद्दाम कोपरापर्यंत वर सरकवायची. थंडीत आम्ही स्वेटर घालून कुडकुडत असू आणि हिचा हात उघडा. नाकावर टिच्चून जगणं म्हणजे काय, ते मी तिच्याकडे बघून शिकले.

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. दिवसभर "ब्रेक! अहो ब्रेक!" असं ओरडून माझा आवाज असा झालाय, की मी साधं बोलले तरी लोकांना भांडल्यासारखं वाटतं. या गोष्टीत मात्र मी खरंच भांडले आहे, ते आधीच सांगून टाकते.

आत्या हॉस्पिटलात सिस्टर होती. वॉर्डात तिला 'सेकंदकाटा' म्हणायचे, कारण औषधाची वेळ म्हणजे वेळ. डॉक्टर राउंडला उशिरा आले तरी ती सोडायची नाही. एकदा एका बड्या डॉक्टरला म्हणाली, "बरं झालं आलात, अजून थोडा वेळ गेला असता तर पेशंट आपला आपण बरा होऊन घरी गेला असता." तो डॉक्टर पुढे रिटायर होईपर्यंत तिला बघून स्वतःच्या घड्याळाकडे बघायचा. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "वेळ नव्हता." बस्स, विषय संपला.

तिचं घड्याळ पुरुषी होतं, त्यावरूनच तर सगळा घोळ. गोल, पसरट, सोन्याचं, आणि मधून निघालेला लांबलचक सेकंदकाटा. बायकांची घड्याळं तेव्हा मुगाच्या डाळीएवढी असायची, त्यात सेकंदकाटा असला तरी शोधायला भिंग लागायचं. "नाडी काय अंदाजपंचे मोजू?" ती म्हणायची. घड्याळ ती तळहाताच्या बाजूला घालायची. पेशंटच्या मनगटावर बोटं ठेवली, की डायल आपोआप तिच्या डोळ्यांसमोर यायची.

ते घड्याळ आलं कुठून, हे ती कधी लपवायची नाही. आजीने तिच्या लग्नासाठी दोन पाटल्या करून ठेवल्या होत्या. लग्न करायचं नाही असं तिने ठाम सांगितल्यावर आजी आठवडाभर बोलली नाही, आणि मग एके दिवशी पाटल्या तिच्या हातात ठेवून म्हणाली, "तुझ्याच आहेत. काय करायचं ते कर, फक्त मोडून खाऊ नकोस." आत्या दुसऱ्याच दिवशी घड्याळाच्या मोठ्या दुकानात गेली, पाटल्या काउंटरवर ठेवल्या आणि हे घड्याळ घेऊन बाहेर पडली. आजीला दाखवलं तेव्हा आजी हसली म्हणे. म्हणाली, "हातातलं सोनं हातातच राहिलं, चांगलं झालं." हे ऐकणारं तिसरं माणूस तिथे कोणी नव्हतं. त्याच वर्षी आजी गेली.

आता काकांची बाजू ऐका. आजोबांकडेही सोन्याचं घड्याळ होतं. दिवाणखान्यात त्यांचा फोटो आहे, कोट घातलेला. कोटाच्या बाहीतून घड्याळाची नुसती कड दिसते, बाकी सगळं बाहीत. आजोबा गेले ते आत्याच्याच हॉस्पिटलात. ती तेव्हा शिकत होती आणि त्या दिवशी ड्युटीवर होती. तिने आजोबांचा चष्मा, घड्याळ, कपडे एका पिशवीत घातले आणि पिशवी काकांच्या हातात दिली. असं ती म्हणते. काका म्हणायचे, पिशवीत चष्मा होता, कपडे होते, घड्याळ नव्हतं. काही वर्षांनी आजी गेली, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि आत्या हॉस्टेलवरून आली ती हातात सोन्याचं घड्याळ घालून. काकांनी तिचा हात धरून सगळ्यांसमोर वर केला. "बघा! बापाच्या हातातून काढून घेतलं आणि आई जाईपर्यंत लपवून ठेवलं! चोर आहे ही, चोर!"

आत्याने हात सोडवून घेतला. पाटल्यांची गोष्ट सांगितली. पिशवीची सांगितली. काका मोठ्याने हसले, मग बाकीचेही हसले. माझे बाबा सगळ्यात धाकटे. घरात भांडण सुरू झालं की ते बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतात. तेव्हाही सोडला असणार.

काकूने त्या दिवसापासून एक नियम केला. आत्या आली की कपाटाला कुलूप आणि किल्ली पदराला. आत्याला ते दिसायचं. ती फक्त बाही आणखी वर सरकवायची.

मला मात्र राहवायचं नाही. मी किती वेळा म्हटलं असेल, "आत्या, चल एखाद्या घड्याळजीकडे, उघडून घेऊ, साल कळतं आतून. आजोबांच्या नंतरचं निघालं की काकांचं तोंड कायमचं बंद." ती उसळायची. "का? मी का सिद्ध करू? हातच्या काकणाला आरसा कशाला? मी माझ्या तोंडाने सांगितलं, तेवढं पुरे नाही? माझ्या घड्याळाची साक्ष काढायला मी काय कोर्टात उभी आहे?" खोटं कशाला बोलू, तिने इतकं ताणून धरलं की कधीकधी माझ्याच मनात पाल चुकचुकायची. खरंच आजोबांचं असेल तर?

मग आमच्या चिरंजीवांना घड्याळ हवंसं झालं. चिरंजीव म्हणजे काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. स्वभावाने वाईट नाही, पण सगळं जग त्याला मोबाइलमधून दिसतं. जुन्या सोन्याच्या घड्याळांना लोक वेड्यासारखी किंमत देतात, असं त्याने कुठेतरी पाहिलं. त्याचं लग्न ठरलं होतं. एका रविवारी सगळे जमलेले असताना म्हणाला, "आत्या, आजोबांचं घड्याळ नातवाकडे यायला हवं ना? मी विकणार नाही गं, घालीन. फक्त आधी बघून घेऊ, कुठल्या काळातलं आहे, किंमत काय येते."

आत्याने चहाचा कप खाली ठेवला. "आजोबांचं नाहीये ते."

"बरं, तुझं म्हण. पण बघायला काय हरकत आहे?"

मला वाटलं, आता ही त्याला खाते. पण ती काकांकडे बघत होती. आणि काका, जे चाळीस वर्षं या विषयावर छाती काढून बोलत आले, ते एकदम म्हणाले, "जाऊ दे रे. घरातली गोष्ट घरात राहू दे. दुकानात जाऊन कशाला शोभा?"

आत्याच्या ते बरोबर लक्षात आलं. माझ्याही. ती उठली, बाही वर सरकवली आणि म्हणाली, "मी कधी सिद्ध करायला जाणार नव्हते. पण पोराला किंमत बघायची आहे तर बघू दे. आणि सगळेच चला. चोर म्हणताना सगळे होतात."

"माझी गाडी खाली आहे," मी म्हटलं. "चला! कोणी मागे राहायचं नाही!" बाबा बाथरूममध्ये गेले.

माझी गाडी शिकवण्याची, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर पायाशीही एक ब्रेक असतो, मास्तरांसाठी. काका वडीलधारे म्हणून पुढे बसले. मी निघाले, आणि पहिल्याच वळणावर गाडी कचकन थांबली. मागून हॉर्न. मी म्हटलं, "काका, पाय काढा, तो ब्रेक आहे." "लागला चुकून," ते म्हणाले. पुढच्या चौकात पुन्हा. मग बाजारपेठेत पुन्हा. "काका, तुम्हाला पोचायचं नाहीये का?" मी ओरडले. मागून आत्या थंडपणे म्हणाली, "दाबू दे त्याला. सवय आहे." वाटेत काकू नेहमीची टेप लावून बसली होती, की तरुणपणी यांच्यामागे लाल मोटारसायकलवर कशी बसायची, कसा वारा लागायचा, यांनी कधी असा ब्रेक मारला नाही. ती मोटारसायकल म्हणजे आमच्या घरातलं पुराणच. काकांनी ती पहिल्या बोनसमधून घेतली आणि काकू त्यांच्यावर भाळली ती तिच्यावर बसूनच. काका एरवी या गोष्टीवर मिशीत हसतात. आज खिडकीबाहेर बघत होते.

घड्याळजीचं दुकान बोळात, खोलीपेक्षा कपाट म्हणावं असं. भिंतीभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. तो म्हातारा डोळ्याला भिंग लावून बसलेला, आणि भिंग काढलं तरी तो डोळा बारीकच राहिलेला. आम्ही पाचजण आत शिरल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती पंखा बंद केला. "एक स्क्रू उडाला तर तुमच्यापैकी कोणाच्या केसांत शोधू? आणि शिंकायचं असेल त्याने बाहेर जावं."

आत्याने पट्टा सोडला. घड्याळ टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर ठेवलं. तिच्या मनगटावर पांढरा गोल उरला होता. तिचा तो हात मी रिकामा कधी पाहिलाच नव्हता.

घड्याळजीने ते उचलून उलटंसुलटं केलं, हातावर तोललं, कानाशी धरलं. "हे घालणारा माणूस डायल आतल्या बाजूला ठेवतो," तो म्हणाला. "काचेची कड टेबलावर घासून घासून झिजली आहे. बाकी घडण जुन्या पद्धतीची. असा आकार बरीच वर्षं निघत होता."

"म्हणजे आमच्या वडिलांच्या काळातलं?" काकांनी घाईने विचारलं, आणि वडील कधी गेले ते साल सांगितलं.

"बाहेरून बघितलं तर असू शकतं."

"झालं तर मग! ऐकलंत ना सगळ्यांनी? कशाला उघडायचं ते, धूळ जाईल आत. चला."

मी दारातच उभी होते. हललेच नाही. "काका, तो म्हणतोय असू शकतं. असू शकतं म्हणजे आहे नव्हे!"

"अगं, मोठ्यांमध्ये तू..."

"उघडा," आत्या म्हणाली. घड्याळजीला म्हणाली, काकांना नाही.

चिरंजीवही म्हणाले, "उघडायलाच हवं बाबा, नाहीतर अस्सल सोनं की नुसता मुलामा, कसं कळणार?" पोरगं पहिल्यांदा कामाचं बोललं.

घड्याळजीने पातळ पात्याची सुरी झाकणाच्या खाचेत घातली. टक् असा आवाज झाला आणि झाकण सुटलं. आतला भाग अजून नव्यासारखा लखलखत होता. त्याने भिंग डोळ्याला दाबलं आणि वाकला. काकांच्या कपाळावरून घाम गळत होता, पण पंखा बंद, त्यामुळे घाम सगळ्यांनाच.

"सोनं अंगचं आहे, मुलामा नाही," तो वाकूनच म्हणाला. "डायल मूळची. कडेला डाग पडलेत, ते पुसायला जाऊ नका आणि या सोन्याच्या डबीला, केसला, पॉलिश तर मुळीच नको. घेणारे त्या डागांनाच जास्त किंमत देतात."

"डागांना?" चिरंजीव.

"कोणी नंतर हात लावला नाही, याची खूण असते ती."

मग त्याने मशीनवरचा नंबर वाचला, मागे भिंतीवर कंपनीच्या नंबरांचा जुना तक्ता होता, त्यावर बोट फिरवलं आणि साल सांगितलं.

चिरंजीवांनी बोटांवर हिशोब केला, मग पुन्हा केला. आजोबा त्याच्या आधीच गेले होते. चांगली तीन वर्षं आधी.

मी ओरडलेच. "आता बोला! स्वर्गातून येऊन विकत घेतलं का आजोबांनी?"

"मशीन बदललं असेल!" काकांचा आवाज फाटला. "केस जुनी ठेवायची आणि आत नवीन मशीन घालायचं. करतात लोक. हिने मुद्दाम केलं असेल!"

"करतात," घड्याळजी शांतपणे म्हणाला. "म्हणून नुसत्या मशीनवर मी कधी बोलत नाही." त्याने झाकण उलटं करून भिंगाखाली धरलं. "हा सोन्याच्या कसाचा छाप. त्याच्या शेजारी हे अक्षर आहे, ते वर्षाचं. दर वर्षी अक्षर बदलतं. केसही त्याच साली झाली आहे. मशीन याच केससाठी बनलंय, स्क्रूच्या जागासुद्धा हललेल्या नाहीत. हे घड्याळ जन्मल्यापासून एकच आहे साहेब." त्याने झाकण पुढे केलं. "तुम्हीच बघा."

काकांनी भिंग घेतलं नाही. काकूने घेतलं. तिला धड धरता येईना, तरी ती बराच वेळ त्या अक्षराकडे बघत राहिली.

चिरंजीव आत्याकडे वळले. चेहरा पडलेला. "आत्या, सॉरी गं. खरंच. आता कळलं मला."

मला वाटलं, आत्या आता रडेल, नाहीतर निदान हसेल. ती भडकली. इतकी वर्षं आवरून धरलेलं सगळं त्या कपाटाएवढ्या दुकानात बाहेर पडलं.

"आता कळलं? का रे? मी सांगत होते तेव्हा काय माझी जीभ झडली होती? चाळीस वर्षं मी माणसासारखं सांगितलं, पाटल्यांचं सांगितलं, पिशवीचं सांगितलं. एकाने तरी मान हलवली? आणि या पत्र्यावर एक अक्षर दिसलं आणि सगळ्यांना कळलं! तुला घड्याळाची किंमत हवी होती ना? ही घे किंमत. त्याच्या नंबराला किंमत आहे, माझ्या शब्दाला नव्हती. मी लोकांचे जीव सांभाळले या हाताने, आणि माझ्या वहिनीने मला बघून कपाटाला कुलूप घातलं!"

काकूने भिंग खाली ठेवलं. तिचा हात पदराकडे गेला. तिथे किल्ली होती, आजही होती, सवयीने बांधलेली. तिने ती गाठ सोडली आणि किल्ली मुठीत धरून नवऱ्याकडे वळली. काकू हा गरीब प्राणी. नवऱ्याने दिवस म्हटलं की दिवस, रात्र म्हटलं की रात्र. तिचा आवाज आम्ही कधी चढलेला ऐकला नाही, आणि तेव्हाही चढला नाही.

"अहो," ती म्हणाली. "पिशवी तुमच्या हातात दिली होती ना?"

काका दाराकडे बघायला लागले.

"मामंजी गेले त्याच वर्षी तुम्ही मोटारसायकल घेतलीत."

"बोनस..." काका म्हणाले.

"नोकरीला लागून तुम्हाला तेव्हा तीन महिने झाले होते. मला माहीत आहे, मी विचारलं होतं माझ्या वडिलांना, इतक्यात कसा बोनस मिळाला म्हणून. त्यांनी मला गप्प बसवलं." तिने मुठीतल्या किल्लीकडे बघितलं. "मी त्या गाडीवर बसून मिरवले हो. आणि कुलूप हिच्यासाठी लावलं."

आता काकांच्या पायाखाली ब्रेक नव्हता. त्यांनी भिंतीचा आधार घेतला, चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. ते खाली बसायला गेले आणि स्टूल हुकलं. चिरंजीव "बाबा!" करून धावले, मी पाण्याची बाटली शोधायला लागले. आत्या मात्र त्या सगळ्यांच्या आधी तिथे पोचली. एका हाताने तिने काकांना स्टुलावर बसवलं, दुसऱ्या हाताने टेबलावरचं घड्याळ उचललं. घड्याळजीने तेवढ्यात झाकण दाबून बसवलंच होतं. तिने चावी दिली, पट्टा न लावता ते तळहातात धरलं, काकांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि त्या लांब काट्याकडे बघत राहिली. वॉर्डात ठेवायची तसाच चेहरा, राग नाही, लोभ नाही, नुसतं मोजणं. काका तिच्याकडे बघत होते. चाळीस वर्षांपूर्वी याच माणसाने हिचं मनगट धरून वर केलं होतं.

काटा फिरून आला. तिने हात सोडला.

"पळतेय, पण नियमित आहे. घाबरू नकोस दादा, तू काही मरत नाहीस. इतक्यात तर नाहीच. आधी माझी माफी मागायची आहे तुला."

मी पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले. मग मान खाली घालून, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले. 'चुकलं' असं असावं. चिरंजीवांनी सुटकेचा श्वास टाकला. घड्याळजीने पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"थांबा, पंखा लावू नका," आत्या म्हणाली. तिने घड्याळ मनगटावर आतल्या बाजूला बांधलं, बाही कोपरापर्यंत वर सरकवली आणि काकांच्या समोर उभी राहिली.

"ऐकू आलं नाही, दादा. चोर म्हणालास तेव्हा रस्त्यापर्यंत ऐकू गेलं होतं."

मी दुकानाचं दार सताड उघडलं.